ताप, जुलाब आणि न तपासलेली लघवी

तान्ह्या मुलाला ताप आला आणि त्याबरोबर जुलाब सुरू झाले, की घरातले निदान ठरलेले असते. मराठी घरात म्हणतात, "दात येताहेत". शेजारच्या कन्नड घरात म्हणतात, "हल्लु बर्ताव". पुष्कळदा पोटच बिघडलेले असते, हे खरे. पण काही वेळा खरे दुखणे मूत्रमार्गात असते आणि तिकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीची अकरा महिन्यांची मुलगी पाच दिवस तापाने फणफणली होती. लघवी तपासली तेव्हा कारण सापडले आणि औषधाने ती बरी झाली. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेले.

मोठा माणूस "लघवीला जळजळते" असे सांगतो. दोन वर्षांखालचे मूल काय सांगणार? त्याची लक्षणे म्हणजे ताप, ओकारी, जुलाब, दूध न पिणे, किरकिर. हीच लक्षणे पोटाच्या विकारातही दिसतात, म्हणून फसगत होते. तापाने आजारी असलेल्या या वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे पाच ते सात जणांना मूत्रमार्गाचा संसर्ग असतो.

बहुतेक वेळा दोषी जंतू असतो एश्चेरिकिया कोलाय. 1885 साली थिओडोर एश्चेरिक या बालरोगतज्ज्ञाने तो बाळांच्या शौचातच शोधला. आतड्यात तो सहसा निरुपद्रवी असतो. जुलाबात लंगोट वारंवार भरतो, जंतू मूत्रद्वाराशी पोचतात आणि तेथून वर मूत्राशयात चढतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, म्हणून त्यांना धोका अधिक. पहिल्या काही महिन्यांत मात्र मुलग्यांनाही तो बराच असतो. शिवाय अंगातले पाणी कमी झाले की लघवी कमी होते आणि जंतू धुऊन निघत नाहीत.

तपासणीतही मेख आहे. चिकटवलेल्या पिशवीतल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात. तिचा अहवाल निर्दोष आला तर उपयोगी. सदोष आला तर नळीने नमुना घेऊन खात्री करावी लागते. नमुना अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वीच घ्यावा आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा. अनुकूल परिस्थितीत हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे एकाचे चार तासांत 4096! आम्हां वाणिज्यवाल्यांना हे चक्रवाढ व्याज चटकन कळते. उशिरा पोचलेला नमुना खोटा हिशेब दाखवतो.

एवढा खटाटोप मूत्रपिंडासाठी. उपचाराला उशीर झाला तर त्यावर कायमचे व्रण राहू शकतात आणि पुढे रक्तदाबाचा विकार जडू शकतो. वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. मात्र ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नये.

तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोठ्या बाळाचा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर जुलाब असले तरी "लघवी तपासायची का?" असे विचारावे. ओआरएस चालूच ठेवावे आणि पुसताना नेहमी पुढून मागे पुसावे. आपल्या प्रत्येकाच्या घरी भाचा, पुतणी कुणीतरी आहेच. हा एक प्रश्न विचारायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही.