सेफ्टी रेझरचा पोलादी पुनर्जन्म

प्रतिनिधी

दाढीची वाटी, गोल साबण, तुरटीचा खडा आणि मूठ फिरवली की सुटा होणारा धातूचा रेझर हे सामान एकेकाळी मध्यमवर्गीय मराठी घरात मोरीजवळच्या फळीवर हमखास दिसे. पुढे एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे रेझर आले, त्यामागोमाग दोन, तीन आणि पाच पात्यांची कार्ट्रिज आली आणि जुना रेझर अडगळीत गेला. किराणा दुकानांत आणि केशकर्तनालयांत दुधारी ब्लेड मात्र टिकून राहिले. गेल्या काही वर्षांत त्याच ब्लेडसाठी बनवलेले, जुन्या धाटणीचे पण संपूर्ण स्टेनलेस स्टीलचे रेझर बाजारात आले असून, त्यांची किंमत अनेकदा काही हजारांच्या घरात असते. ही केवळ स्मरणरंजनाची किंमत आहे, की त्यामागे काही तंत्र आणि काही हिशेबही आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

वस्तऱ्यापासून सेफ्टी रेझरपर्यंत

उघड्या वस्तऱ्याने दाढी करणे हे कसबाचे काम. ते सामान्य माणसाला घरच्या घरी करता यावे, यासाठीचे प्रयत्न अठराव्या शतकातच सुरू झाले. फ्रान्समधील शस्त्रकार झां-झाक पेरे यांनी १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले आणि वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण घालण्याची युक्ती मांडली. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्पफे बंधूंनी आपल्या पेटंटमध्ये 'सेफ्टी रेझर' हा शब्द वापरला. त्यांच्या रेझरचे पाते मात्र जाड होते आणि वस्तऱ्याप्रमाणेच त्याला वारंवार धार लावावी लागे.

धार लावण्याची ही कटकट संपवली ती किंग कॅम्प जिलेट यांनी. बाटल्यांची बुचे विकणाऱ्या कंपनीत ते फिरते विक्रेते होते. लोक वापरतील, फेकतील आणि पुन्हा विकत घेतील, अशी एखादी वस्तू शोधून काढ, असा सल्ला त्यांना बुचाचे संशोधक विल्यम पेंटर यांनी दिला होता. १८९५ मध्ये जिलेट यांना पातळ, फेकून देता येणाऱ्या पात्याची कल्पना सुचली; परंतु इतक्या पातळ पोलादाला कडकपणा आणि धार कशी आणायची, हा प्रश्न सुटण्यास काही वर्षे लागली. अभियंते विल्यम निकरसन यांनी तो सोडवला. १९०१ मध्ये बॉस्टन येथे कंपनी स्थापन झाली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी लाखो रेझर खरेदी झाले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांबरोबर ही सवयही घरोघर पोहोचली.

रेझर स्वस्तात द्यायचा आणि ब्लेडवर नफा कमवायचा, ही क्लृप्ती जिलेट यांनी पहिल्या दिवसापासून वापरली, असे व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत अनेकदा सांगितले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. सुरुवातीला हा रेझर पाच डॉलरना विकला जाई आणि त्या काळी ही रक्कम मोठी होती. १९२१ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपल्यावर आणि स्पर्धक पुढे सरसावल्यावरच रेझरच्या किमती खऱ्या अर्थाने उतरल्या.

न गंजणारे पोलाद

स्टेनलेस स्टीलचा दाढीशी संबंध आधी ब्लेडच्या रूपाने आला. शेफील्ड येथील हॅरी ब्रियर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त, न गंजणारे पोलाद तयार केले; मात्र दाढीचे ब्लेड त्यानंतरही अनेक वर्षे साध्या कार्बन पोलादाचेच होते. ते ओले राहिले की गंजे आणि दोन-तीन दाढ्यांतच बोथट होई. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने स्टेनलेस स्टीलचे ब्लेड बाजारात आणले आणि ते इतके टिकू लागले, की जिलेटलाही १९६३ मध्ये तसेच ब्लेड आणणे भाग पडले. आज आपण वापरतो ते दुधारी ब्लेड त्याच परंपरेतले.

रेझर मात्र पितळेचेच राहिले आणि त्यांवर निकेल किंवा क्रोमचा मुलामा दिला जाई. आजही मिळणाऱ्या बऱ्याच मध्यम किमतीच्या रेझरची डोकी 'झामाक' या जस्ताच्या मिश्रधातूची असतात. हा मिश्रधातू साच्यात सहज ओतता येतो, म्हणून स्वस्त पडतो. परंतु क्रोमचा थर कोठे तडकला किंवा झिजला, की आत पाणी शिरते, जस्त फुगू लागते आणि सर्वप्रथम आट्यांचा खुंट कमकुवत होतो. रेझर हातातून पडला, तर नेमका हाच भाग तुटतो.

स्टेनलेस स्टीलच्या रेझरला मुलाम्याची गरज नसते. पोलादातील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अत्यंत पातळ संरक्षक थर तयार करते आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा तयार होतो. या कामी मुख्यतः ३०४ आणि ३१६ एल असे दोन प्रकार वापरले जातात. ३१६ एलमध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते खाऱ्या हवेत आणि क्लोरिनयुक्त पाण्यात अधिक टिकते. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी खरेदी करताना हा फरक जरूर विचारावा. कारण 'स्टेनलेस' म्हणजे कधीच न डागाळणारे, असा अर्थ नव्हे.

या रेझरच्या किमतीचे रहस्यही याच धातूत आहे. कातकाम करताना हे पोलाद अधिकाधिक कठीण होत जाते आणि हत्यारे झिजवते. त्यामुळे संगणक-नियंत्रित यंत्रावर अखंड तुकड्यातून कोरलेला रेझर महाग पडतो. धातूची भुकटी साच्यात दाबून नंतर भट्टीत भाजण्याची दुसरी पद्धत तुलनेने स्वस्त आहे. कॅनडातील 'रॉकवेल ६ एस' हा रेझर या पद्धतीने बनतो. त्याच्या तीन दुतर्फी तबकड्या उलटसुलट बसवून सौम्य ते तीव्र अशा सहा पातळ्या मिळतात. जपानचा 'फेदर' आणि जर्मनीचा 'म्यूले' हेदेखील या प्रकारचे पोलादी रेझर बनवतात.

एका मिलिमीटरच्या आतला खेळ

दुधारी ब्लेडची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर असते. हातात धरले तर ते लवते. रेझरच्या वरच्या टोपीत आणि खालच्या तबकडीत आवळले गेल्यावर मात्र त्याला कमानीसारखा बाक येतो आणि त्या बाकामुळेच ते ताठ राहते. हा बाक दोन्ही बाजूंना समान नसेल, तर एक धार कापेल आणि दुसरी ओरबाडेल. म्हणून रेझरची खरी किंमत त्याच्या चकाकीपेक्षा घडणीच्या अचूकतेवर ठरते.

रेझर सौम्य की तीव्र, हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, ब्लेडची धार आणि खालची संरक्षक पट्टी यांमधील फट. दुसरी, टोपी आणि पट्टी यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या बाहेर धार किती डोकावते ते. हे दोन्ही आकडे मिलिमीटरच्या अंशांत मोजले जातात. पण तेवढ्यानेही दाढीचा अनुभव पार बदलतो. रोज दाढी करणाऱ्याला सौम्य रेझर पुरतो. चार-पाच दिवसांची राठ वाढ असेल, तर तीव्र रेझर सोयीचा. नवशिक्याने सौम्य रेझरपासूनच सुरुवात करणे शहाणपणाचे.

आणि ब्लेड बोथट का होते? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. केस हा ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरीही तो धारेवर वाकून येतो आणि पोलादाच्या सूक्ष्म रचनेतील एखाद्या दुबळ्या जागी सापडतो, तेव्हा धारेचा बारीक टवका उडतो. म्हणजे धार केवळ झिजत नाही, तर तिचे कण तुटतात. असे टवके वाढत गेले, की ब्लेड केस ओढू लागते.

त्वचेच्या दृष्टीने

अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिले पाते केस किंचित ओढून धरते आणि तो परत आत जाण्यापूर्वी दुसरे पाते त्याला कापते. त्यामुळे दाढी गुळगुळीत होते. पण काही वेळा केसाचे टोक त्वचेच्या पातळीखाली जाते. कुरळ्या केसांच्या माणसांत असा केस आतल्या आत वळतो आणि मानेवर, हनुवटीखाली दुखरे पुरळ येतात. असे पुरळ वारंवार येणाऱ्यांनी एक किंवा दोन पात्यांचा रेझर वापरावा आणि दाढी करताना त्वचा ताणू नये, असा सल्ला अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था देते. तथापि या विषयावरील सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यामुळे 'एकच पाते सर्वांसाठी उत्तम' असा सरसकट दावा करता येणार नाही.

रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी, हात कापणाऱ्यांनी किंवा चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असणाऱ्यांनी हा प्रयोग टाळावा. त्यांच्यासाठी विजेवर चालणारा रेझर अधिक सुरक्षित. रेझर आणि ब्लेड कोणाचेही असो, ते दुसऱ्याने वापरू नये. हिपॅटायटिस बी आणि सीसारखे विषाणू रक्ताच्या न दिसणाऱ्या अंशातूनही पसरू शकतात. सलूनमध्ये कारागीर आपल्यासमोर नवे ब्लेड मोडून वस्तऱ्यात बसवतो, ते याचसाठी.

दाढी कशी करावी

प्लॅस्टिकच्या रेझरची सवय झालेला हात दाब देतो. पोलादी रेझरने रक्त निघते ते बहुधा याच सवयीमुळे. हा रेझर वजनाने भारी असतो आणि ते वजनच पुरेसे असते. पुढील क्रम पाळल्यास जखमा टाळता येतात.

- आंघोळीनंतर किंवा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे चेहरा भिजवून दाढी करावी. पाणी शोषलेला केस मऊ होतो आणि कापण्यास बरेच कमी बळ लागते.
- ब्रशने साबणाचा दाट फेस करावा. बोअरवेलच्या जड पाण्यात फेस येत नसेल, तर पिण्याचे पाणी वापरावे.
- ब्लेड नेहमी आखूड कडांना धरून बसवावे. धारेला बोट लावू नये आणि धार कापडाने पुसू नये.
- रेझरची टोपी गालाला टेकवून मूठ हळूहळू खाली आणावी. धार त्वचेला लागताच थांबावे. हा कोन साधारण ३० अंशांचा असतो.
- केस कोणत्या दिशेने वाढतात, हे आधी बोटांनी चाचपावे. गळ्यावर ही दिशा अनेकदा उलटी किंवा आडवी असते. पहिला हात केसांच्या दिशेनेच फिरवावा. दुसरा हवा तर पुन्हा फेस लावून आडवा. उलट्या दिशेचा हात सवय होईपर्यंत टाळावा.
- शेवटी थंड पाणी आणि तुरटी. ओल्या त्वचेवर तुरटी फिरवल्याने बारीक रक्तस्राव थांबतो. ती जेथे झोंबेल, तेथे दाब जास्त पडला असे समजावे.

एक ब्लेड साधारण तीन ते सहा दाढ्यांना पुरते. ते ओढू लागले की बदलावे. काटकसरीची ही जागा नव्हे. रेझरवर साबणाचा पांढरा थर साचल्यास पातळ व्हिनेगरमध्ये काही मिनिटे ठेवून स्वच्छ धुवावा.

खर्चाचा हिशेब

समजा, एखादी व्यक्ती वर्षाला २४० वेळा दाढी करते. चार रुपयांचे ब्लेड चार दाढ्यांना पुरले, तर वर्षाला ६० ब्लेड, म्हणजे २४० रुपये. २०० रुपयांचे कार्ट्रिज १२ दाढ्यांना पुरले, तर वर्षाला २० कार्ट्रिज, म्हणजे ४,००० रुपये. फरक ३,७६० रुपयांचा. पाच हजारांचा पोलादी रेझर घेतला, तर तो सुमारे १६ महिन्यांत वसूल होतो. मात्र हीच व्यक्ती पाच दाढ्यांना पुरणारा २० रुपयांचा प्लॅस्टिक रेझर वापरत असेल, तर तिचा वार्षिक खर्च ९६० रुपयेच असतो आणि पोलादी रेझर वसूल होण्यास जवळपास सात वर्षे लागतात. उलट ४०० रुपयांचा साधा धातूचा रेझर या दुसऱ्या स्थितीतही सात महिन्यांत पैसे परत देतो. थोडक्यात, बचत होते ती दुधारी ब्लेडमुळे. स्टेनलेस स्टीलचे जादा पैसे आपण मोजतो ते टिकाऊपणासाठी आणि अचूक घडणीसाठी. प्रवासाचा खर्चही यात धरावा: विमानात केबिनमधील सामानात हे ब्लेड नेता येत नाही.

वापरलेल्या ब्लेडचे काय?

अमेरिकेतील अनेक जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटामागे एक फट असे. वापरलेले ब्लेड त्यातून भिंतीच्या पोकळीत टाकले जाई आणि घर पाडतानाच ते सापडे. आपल्याकडे जुने ब्लेड पेन्सिलीला टोक काढण्यासाठी किंवा शिवण उसवण्यासाठी शिवणाच्या डब्यात जाई आणि शेवटी कचऱ्यात. या कचऱ्याचा हिशेब अखेर कोणाला चुकवावा लागतो? घंटागाडीवरील कामगारांना आणि उघड्या हातांनी कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना. कागदात गुंडाळलेले ब्लेड ओल्या कचऱ्यात सुटे होते आणि बोट कापते.

प्लॅस्टिक, रबर आणि पोलाद एकत्र चिकटवलेल्या कार्ट्रिजचा पुनर्वापर कठीण आहे. दुधारी ब्लेड संपूर्ण पोलादाचे असल्याने त्या बाबतीत ते उजवे. पण ते वेगळे साठवले तरच. पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला बारीक चीर पाडून त्यात ब्लेड टाकत जावे. महिन्याला पाच ब्लेड लागले, तर असा डबा वर्षानुवर्षे पुरतो. भरल्यावर तो चिकटपट्टीने पक्का बंद करून, वर ठळक अक्षरांत 'ब्लेड' असे लिहून, सफाई कामगाराच्या हाती वेगळा द्यावा. रेझर पोलादी घ्यावा की साधा, हा ज्याच्या-त्याच्या खिशाचा आणि आवडीचा प्रश्न आहे. हा डबा मात्र दुधारी ब्लेड वापरणाऱ्या प्रत्येक घरात असायला हवा.