‘चर्चा करा’ म्हणजे नेमकं काय करा?

सराव परीक्षेत एक प्रश्न दिला होता : ‘1960 नंतर महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारी वाढण्यामागची कारणे स्पष्ट करा.’ नगरमधल्या अभ्यासिकेतली मुलं. कुणी राहात्याचा, कुणी नेवाशाचा, दोघी-तिघी पाथर्डीच्या. कुणाच्या घरी ऊस, कुणाच्या घरी ऊसतोडीचा कोयता. यांना कारखाना काय शिकवायचा! उत्तरं तपासायला घेतली, तर निम्म्याहून जास्त पेपर लोणीपासून सुरू झालेले. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, 1950 च्या सुमारास प्रवरेकाठी उभा राहिलेला कारखाना. माहिती चोख, अक्षर वळणदार. पण हे सगळं 1960 च्या आधीचं. नंतर कारखाने का वाढले, तर सरकारने भागभांडवल घातलं, कर्जाला हमी दिली, परवाने देताना सहकाराला झुकतं माप दिलं. हे शेवटच्या तीन ओळींत, घाईघाईत. प्रवरेची गोष्ट दोन ओळींत पार्श्वभूमी म्हणून चालली असती. पानभर सांगितल्यावर तिला गुण कुठून द्यायचे?

एका मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, “सर, येत होतं म्हणून लिहिलं.” नगर जिल्ह्यातल्या मुलांची अडचण इथेच आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, प्रवरा, जायकवाडीचं पाणी, भुईकोट किल्ल्यातला नेहरूंचा कारावास : अभ्यासक्रमातला बराच ऐवज आपल्या अंगणातला. ओळखीचा शब्द दिसला की पेन सुटतं आणि प्रश्न मागे राहतो.

हा विषय आताच काढण्याचं कारण म्हणजे राज्यसेवा. इतकी वर्षं मुख्य परीक्षेचा बहुतेक भाग बहुपर्यायी होता. वर्णनात्मक पद्धत येणार म्हटल्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये आयोगाने ती 2025 च्या परीक्षेपासून लागू करायचं ठरवलं. आता गुणवत्तेसाठी धरले जाणारे लेखी गुण 1750 : निबंधाचे 250, सामान्य अध्ययनाच्या चार पेपरचे 1000, वैकल्पिक विषयाचे 500. गोळे रंगवताना चार पर्याय असायचे. प्रश्न चुकीचा समजला असेल तर पर्याय वाचताना शंका तरी यायची. कोऱ्या पानावर तशी टोकणारी गोष्टच नाही.

प्रश्नात दोन गोष्टी आधी शोधायच्या : शेवटचं क्रियापद आणि मधलं कुंपण. कुंपण म्हणजे ‘1960 नंतर’, ‘ग्रामीण भागातील’, ‘केवळ’, ‘कितपत’ असे शब्द. त्यापलीकडे गेलं की मेहनत वाया. क्रियापदाचं जरा सविस्तर सांगतो, हिवरे बाजारचंच उदाहरण घेऊन. ‘वर्णन करा’ म्हटलं, तर पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून गावात काय काय झालं ते सांगा : चर, बांध, झाडं, पाण्याचा ताळेबंद. ‘स्पष्ट करा’ म्हटलं की कार्यकारण हवं. ऊस, केळी आणि शेतीसाठीची बोअर यांवर गावाने बंदी घातली, म्हणून मुरलेलं पाणी विहिरींना राहिलं, ही साखळी जोडून दाखवा. ‘चर्चा करा’ला एकाहून जास्त बाजू लागतात. ‘मूल्यमापन करा’ म्हटलं तर निकाल द्यावाच लागतो : हे प्रारूप दुसऱ्या गावात रुजेल का, की तसा सरपंच आणि तशी एकी असल्याशिवाय ते चालत नाही? विषय एकच, पण चार प्रश्नांची चार उत्तरं. आमची मुलं चारही प्रश्नांना वर्णनच लिहितात, कारण शाळेपासून ‘टिपा लिहा’ची सवय.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘टीकात्मक परीक्षण करा’ने होतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते. तिथे ‘क्रिटिकली एक्झामिन’ वाचायचं, मनात त्याचं मराठी करायचं आणि मग लिहायचं. मनात शब्द येतो ‘टीका’, आणि टीका म्हणजे आज आपल्याकडे ठपका. मग मुलगा योजनेचे दोषच मोजत बसतो. याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर जे केलं तीसुद्धा टीकाच. त्यात दोष काढणं नव्हतं. मूळ वचन घ्यायचं, त्याचा अर्थ उलगडायचा, दृष्टांत द्यायचा, शंका उभी करून तिचं निरसन करायचं. परीक्षेतलं ‘टीकात्मक’ या जुन्या अर्थाच्या जास्त जवळ आहे, असं मला वाटतं. दोष दाखवा, पण जमेची बाजूही तपासा आणि वजन कुठे पडतं ते सांगा.

दुसरा खड्डा आपल्या पोटातल्या रागाचा. ‘समन्यायी पाणीवाटपाच्या धोरणाचे मूल्यमापन करा’ असा प्रश्न दिला की राहुरी-श्रीरामपूरकडच्या मुलांचं उत्तर मोर्चाचं निवेदन होतं. मुळा-भंडारदऱ्याचं पाणी जायकवाडीला सोडल्याचं दुःख खरं आहे, त्यावर आपण घरात जेवतानाही भांडतो. पण विचारलंय धोरणाचं मूल्यमापन. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात ही तरतूद का आली आणि खालच्या पैठणच्या शेतकऱ्याला तुटीच्या वर्षी काय वाटतं, हे नसेल तर उत्तर अर्धंच. (हेच पैठणच्या मुलालाही लागू.)

मुलं म्हणतात, विचार करायला वेळ कुठे असतो? केंद्रीय परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला 3 तासांत 20 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 9 मिनिटं. त्यातलं एक मिनिट पेन्सिलीने क्रियापदाखाली रेघ आणि कुंपणाला गोल करण्यात गेलं, तर उरलेली 8 मिनिटं योग्य वाटेवर जातात. 150 शब्दांना तेवढी पुरतात. 250 शब्दांना ओढाताण होते, पण ते एक मिनिट वाचवलं तरी ती होतेच.

येत्या रविवारी एवढं करून पाहा. जुनी प्रश्नपत्रिका घ्या, उत्तर एकही लिहू नका. प्रत्येक प्रश्नाखाली फक्त एक ओळ लिहा : मला नेमकं काय विचारलंय. मग वही शेजारी बसणाऱ्याला द्या आणि त्या 20 ओळींतल्या किती त्याला पटतात ते विचारा.