घातक कचरा : आधी ओळख, मग उपसा

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक द्रव बेकायदा नाल्यात सोडण्यात आला. त्यातून पसरलेल्या विषारी वायूने ६ कामगारांचा बळी घेतला.

अशा वेळी घात होतो तो नकळत झालेल्या संयोगाने. सल्फाइडयुक्त द्रव आम्लात मिसळताच हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. हवेपेक्षा जड असल्याने तो सखल जागी साचतो. प्रमाण वाढले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि सावध करणारा दर्पही जाणवेनासा होतो.

बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारातही हाच धोका असतो. पिंपे गंजतात, त्यांवरील नावे पुसली जातात. म्हणून सफाईचा आरंभ नमुने तपासण्यापासून व्हावा लागतो. आम्ले, सल्फाइडे, ज्वलनशील द्रावके वेगळी केल्यावरच ती नोंदपत्रासह भस्मीकरण भट्टीकडे किंवा अस्तर घातलेल्या भरावभूमीकडे रवाना करता येतात. त्यानंतर माती आणि भूजलाची पाळी येते.

हा खर्च कोणी सोसायचा? केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांविषयी नियम अधिसूचित केले. त्यांनुसार दायित्व प्रदूषण करणाऱ्याचे आहे. तो सापडला नाही, तर भार शासनावर येतो. विलंबाची किंमत भोपाळने दाखविली आहे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर कारखान्यात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन कचरा पिथमपूरला हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडला. कारखाना बंद होतानाच रसायनांची यादी शासनाकडे जमा झाली, तर पुढची पिढी या ओझ्यातून सुटेल.