पैसे गेले, पुढचे तीन दिवस

१ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. त्याच महिनाअखेरीपर्यंत सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायची होती. दोन्ही निर्णय मनापासून आवडले. जुना सोफा विकायला काढलेल्या माणसाला ‘पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका’ म्हणायचं आणि त्याच्याच खात्यातून रक्कम ओढायची, हा प्रकार त्या पैसे-मागणीवरच चालायचा. पैसे घेताना पिन लागत नाही, हे ठाऊक असलेली माणसंही घाईत फसत होती. ती वाटच आता बुजवली. नवा पत्ता हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था फक्त बँकांनाच देते, त्यामुळे हुबेहूब दिसणारं बनावट पान ओळखणं सोपं जाईल.

एरवी आपल्या वाट्याला उपदेशच येतो. ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका. बरोबरच आहे, त्यात लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइलचीही भर घाला. ती एकदा फोनमध्ये बसली आणि तिला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी तुम्हाला विचारावाच लागत नाही. पण इतकं जपूनही पैसे गेले तर काय करायचं, हे कुणी तेवढ्या तळमळीनं सांगत नाही. खरं तर ग्राहकाच्या बाजूचा सर्वांत भक्कम नियम नेमका तिथं आहे.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक प्रत्येक खातेदारानं वाचावं. तुमच्या संमतीशिवाय ऑनलाइन व्यवहार झाला आणि चूक बँकेची असेल, तर तुमची जबाबदारी शून्य. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठं तरी आहे, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंत तरी शून्य. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका. त्यानंतर मात्र सगळं त्या बँकेच्या धोरणावर. २०१७ च्याच डिसेंबरमध्ये हे सहकारी बँकांनाही लागू झालं. आपल्याकडे तालुक्यातालुक्यात नागरी सहकारी बँकांचे खातेदार आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

या परिपत्रकातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं कलम पुराव्याचं आहे. दोष ग्राहकाचा होता, हे बँकेनं सिद्ध करायचं. ‘ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेला होता’ एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याच नियमाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाखांहून अधिक रुपये परत करायला लावले. जानेवारी २०२५ मध्ये निकाली निघालेलं प्रकरण त्याहून बोलकं आहे. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करू पाहणाऱ्या ग्राहकाला कंपनीच्या नावानं फोन आला, त्याच्याकडून एक अ‍ॅप बसवून घेतलं गेलं आणि ९४,२०४ रुपये गेले. त्यानं २४ तासांच्या आत स्टेट बँकेला कळवलं होतं. ग्राहकानंच माहिती दिली, असं बँकेचं म्हणणं. ते गुवाहाटी उच्च न्यायालयात टिकलं नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. ओटीपी कुणाला देऊ नये, ही समज न्यायालयानं ग्राहकांनाही दिली. तरी पैसे बँकेलाच भरावे लागले.

म्हणून पैसे गेल्याचं कळताच पहिला फोन १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदतक्रमांकाला. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असते. ती वाटेत रोखून धरायची तर सुरुवातीचे तासच हाताशी असतात. लगोलग बँकेत तक्रार नोंदवा, आणि तारीख-वेळ असलेला तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ‘आधी पोलिसांकडे जा’ असं कुणी शाखेत म्हणालं, तरी बँकेकडची नोंद अडवू देऊ नका, कारण तीन दिवसांची मुदत बँकेला कळवण्याशीच बांधलेली आहे. अगदी तुम्ही स्वतः ओटीपी दिला असला, तरी शरमेनं गप्प राहू नका. कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. वादातली रक्कम दहा कामकाजी दिवसांत खात्यावर तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा, हे बंधनही बँकेवर आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

माणसांना मोडून टाकणारी एक मोठी फसवणूक मात्र या नियमाच्या बाहेर राहते. तोतया पोलिसांनी फोनवरून केलेल्या ‘डिजिटल अटके’त घाबरलेले आजोबा स्वतःच्या हातानं पैसे पाठवतात. अशी अटक कायद्यातच नाही, पण व्यवहार त्यांच्या संमतीचा ठरतो आणि परिपत्रक थांबतं. ब्रिटननं यावर ऑक्टोबर २०२४ पासून वेगळा मार्ग धरला आहे: फसवून पाठवायला लावलेली रक्कमही ८५,००० पौंडांपर्यंत परत मिळते, आणि पैसे पाठवणारी व स्वीकारणारी कंपनी तो भार निम्मा-निम्मा उचलतात. त्यातलं ‘स्वीकारणारी’ फार महत्त्वाचं आहे. लुटलेला पैसा जातो तो भाड्यानं घेतलेल्या खात्यांत, आणि ती खातीही कुणाच्या तरी आधार-पॅनवर कुठल्या तरी बँकेनंच उघडलेली असतात. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली तयार केली आहे. ती असूनही खातं सापडलं नाही, तर त्या बँकेनं निम्मी रक्कम का भरू नये? आपल्याकडचं परिपत्रक बदलायचं असेल, तर पहिली दुरुस्ती हीच व्हायला हवी.