वैद्यकीय संशोधनातील नीतिप्रश्न : तुलनागट

एखादे औषध, लस वा तपासणीपद्धती गुणकारी आहे की नाही हे ठरविण्यासाठी समान परिस्थितीतील व्यक्तींचे दोन किंवा अधिक गट करतात. एका गटास तो उपाय देतात व दुसऱ्यास देत नाहीत. नवा उपाय न मिळालेल्या गटास तुलनागट किंवा नियंत्रण गट म्हणतात. कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवितात. त्यामुळे संशोधकाच्या आवडीनिवडीचा निष्कर्षावर परिणाम होत नाही. तुलनागटाशिवाय आलेला गुण उपायाचा की योगायोगाचा, हे सांगता येत नाही. तथापि हितकर असण्याचा संभव असलेला उपाय काही माणसांना जाणूनबुजून न देणे कितपत न्याय्य आहे, हा वैद्यकीय नीतिशास्त्रातील एक बिकट प्रश्न होय.

पूर्वेतिहास : महाराष्ट्रात या प्रश्नाची मुळे प्लेगच्या साथीपर्यंत जातात. व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली व त्यांची तुलना लस न घेतलेल्या कैद्यांशी करण्यात आली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण कमी आढळले. मात्र बंदिवासातील मनुष्याची संमती कितपत मुक्त मानावी, हा प्रश्न त्या काळी कोणी फारसा विचारला नाही.

नाझी छळछावण्यांतील प्रयोगांवरील खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता तयार झाली. स्वेच्छेने दिलेली संमती हे तिचे पहिले तत्त्व आहे. जागतिक वैद्यक संघटनेने १९६४ मध्ये हेलसिंकी जाहीरनामा संमत केला व पुढे तो वेळोवेळी सुधारला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये यासंबंधी धोरणपत्रक काढले आणि २०००, २००६ व २०१७ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नव्या उपायाची तुलना शक्यतो उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम सिद्ध उपायाशी करावी, असा हेलसिंकी जाहीरनाम्याचा दंडक आहे. पण ‘उपलब्ध’ म्हणजे जगात कोठेही उपलब्ध की संशोधन होत असलेल्या गावात उपलब्ध, यावर तीव्र मतभेद आहेत.

बार्शी–उस्मानाबाद चाचणी : या मतभेदाचे महत्त्वाचे उदाहरण सोलापूर परिसरात घडले. गर्भाशय ग्रीवेचा कर्करोग होण्यापूर्वी तेथील कोशिकांत अनेक वर्षे बदल होत असतात. ते वेळीच ओळखून साध्या उपचाराने काढून टाकल्यास कर्करोग टळतो. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी कोशिकांचा लेप घेऊन सूक्ष्मदर्शकाने तपासण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. परंतु तिला प्रयोगशाळा व कुशल तंत्रज्ञ लागत असल्याने भारतीय खेड्यांत ती पोहोचली नव्हती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे गावांच्या समूहांनुसार चार गट करण्यात आले. एका गटात ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसची चाचणी, दुसऱ्यात कोशिकापरीक्षा व तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक अम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, प्रत्येकी एकदाच, करण्याचे ठरले. चौथा तुलनागट होता. त्यातील ३१,४८८ स्त्रियांना चाचणीतर्फे तपासणी देण्यात आली नाही, नेहमीची उपलब्ध वैद्यकीय सेवा तेवढी होती.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हायरस चाचणीच्या गटात (३४,१२६ स्त्रिया) या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तुलनागटात ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसून आली नाही.

आक्षेप व समर्थन : मुंबई, उस्मानाबाद व तमिळनाडूतील दिंडिगुल येथील अशा तीन चाचण्यांवर अमेरिकन वैद्य एरिक सूबा यांनी २०१४ मध्ये कठोर टीका केली. तपासणी न मिळालेल्या गटांत तोवर किमान २५४ स्त्रिया या कर्करोगाने मरण पावल्या होत्या. तपासणीने मृत्यू टळतात हे आधीच ज्ञात असता असा गट ठेवणे अनैतिक होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. संशोधकांच्या बाजूने असे सांगितले जाते, की त्या काळी भारतात राष्ट्रीय तपासणी योजना नव्हती. म्हणून तुलनागटातील स्त्रियांकडून काही काढून घेतले गेले नाही. शिवाय खेड्यात एकदाच केलेली तपासणी कितपत उपयोगी पडते, हे अज्ञात होते. दोन पद्धतींना अपेक्षित यश आले नाही, ही गोष्ट या युक्तिवादास बळ देते. परंतु स्थानिक सेवेचा अभाव हेच समर्थन मानले, तर दारिद्र्य हीच संशोधनाची सोय ठरण्याचा धोका राहतो.

संमती व उत्तरदायित्व : संमती घेतल्याने हा प्रश्न पुरता सुटत नाही. गावांचे समूहच गटांत वाटले जातात तेव्हा स्त्रीला सहभाग नाकारता येतो, पण गट निवडता येत नाही. डॉक्टरांविषयीचा आदर आणि अल्प शिक्षण यांमुळे ‘तुमची तपासणी होणार नाही, पण ती अन्यत्र होऊ शकते’ हे स्पष्ट मराठीत सांगणे आवश्यक ठरते. कागदावरील सही वा अंगठा म्हणजे समज नव्हे. म्हणून नीतिसमितीने तुलनागटाची गरज, त्यातील जोखीम व माहितीपत्रकाची भाषा स्वतंत्रपणे तपासावी, अशी अपेक्षा असते. सिद्ध झालेला उपाय तुलनागटास व त्या समाजास मिळवून देणे हेही संशोधनाचे कर्तव्य मानले जाते.

भारत सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ॲसिटिक अम्ल तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, बार्शीच्या चाचणीत सरस ठरलेल्या, व्हायरस चाचणीस प्राधान्य दिले. ज्ञान अशा रीतीने जगाला उपयोगी पडले; मात्र ज्या गावांच्या सहभागातून ते मिळाले, तेथे ती चाचणी नित्याची होईपर्यंत त्या संशोधनाचे ऋण फिटले असे म्हणता येत नाही.