लॅपटॉप वाचला, प्रिंटर अडला

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. आमचा लॅपटॉप नऊ वर्षांचा; विंडोज 11 त्यावर बसत नव्हती. वर्तकनगरातला दुरुस्तीवाला म्हणाला, "तीनशे रुपये द्या, कुठलीतरी टाकून देतो." कुठलीतरी म्हणजे चोरीची. दहावीतल्या मुलीने घरी विचारले, "अम्मी, हे जायज आहे का?" वर्गात प्रामाणिकपणाचे धडे शिकवणारे आम्ही, काय उत्तर देणार? चांगला लॅपटॉप भंगारात देणे हाही इसराफच.

म्हणून लिनक्स घेतले. फुकट, आणि हक्काचे. मराठी आणि उर्दू दोन्ही टाइप होते, नस्तालीक फाँटसुद्धा मिळतो. पण वायफाय लागेना!

कारण ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यातला दुभाष्या. लिनक्सचे बहुतेक दुभाषे त्याच्या गाभ्यातच असतात. पण काही कंपन्या आपल्या यंत्राची भाषा गुपित ठेवतात आणि स्वतःचा बंद ड्रायव्हर देतात, तोही अनेकदा फक्त विंडोजसाठी. मग लिनक्सवाल्यांना ती भाषा अंदाजाने शिकावी लागते. वायफायचा बंद ड्रायव्हर लिनक्ससाठी होता, पण तो उतरवायलाच इंटरनेट हवे! शेवटी मोबाइल केबलने जोडून त्याचे नेट लॅपटॉपला दिले, ड्रायव्हर उतरवला आणि वायफाय लागले.

प्रिंटर मात्र हटला नाही. त्याच्या कंपनीचा लिनक्स ड्रायव्हरच नाही. मुलीचा प्रकल्प पेनड्राइव्हवर घेऊन आम्ही झेरॉक्सच्या दुकानात गेलो. गंमत अशी की या साऱ्या चळवळीची सुरुवातही झेरॉक्सच्याच प्रिंटरने झाली. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती. कागद अडकला की सर्वांना कळावे एवढेच. ज्यांच्याकडे मूळ प्रोग्रॅम होता त्यांनी गुप्ततेच्या कराराचे कारण देऊन नकार दिला. 1983 मध्ये स्टॉलमन यांनी जीएनू प्रकल्प जाहीर केला. 1991 मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स गाभा आला आणि दोन्ही एकत्र नांदू लागले.

तत्त्वाला मुरड घालावी लागते, हे त्या लोकांनाही कळले आहे. बंद फर्मवेअर दूर ठेवणाऱ्या डेबियनने 2022 मध्ये मतदान घेतले आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ते इन्स्टॉलरमध्येच दिले. आम्हाला हे पटते. वायफायच लागले नाही तर सामान्य घर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या तीनशे रुपयांच्या सीडीकडे वळेल.

तुम्हाला करून पाहायचे असेल तर आधी काही पुसू नका. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होते. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळे तपासा, मगच बसवा. नवा प्रिंटर घेताना तो एअरप्रिंटवर चालतो का विचारा. असे प्रिंटर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात.

गेल्या महिन्यात नणंदेसाठी लॅपटॉप घ्यायला गेलो तेव्हा पेनड्राइव्ह पर्समध्येच होता. दुकानदार वैतागला, पण "करा चेक, बाई" म्हणाला. पहिल्याचे वायफाय दिसले नाही. दुसऱ्याचे लागले, तोच घेतला.