बेताचे गुण आणि परदेशची व्यापारविद्या

जळगावच्या सराफ बाजारात किंवा डाळमिलांच्या कचेऱ्यांत जी पिढी वाढली, ती व्यापार शाळेत जाऊन शिकली नाही. भाव कसा बोलावा, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला गोड शब्दांत नाकारावी, हे ती वडिलांच्या शेजारी गादीवर बसून शिकली. आज त्याच घरांतील, आणि कापूस-केळी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरांतीलही, मुले-मुली परदेशी जाऊन एम.बी.ए. करण्याची आकांक्षा बाळगतात. त्यासाठी बहुधा जीमॅट नावाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. परीक्षा संपते, पडद्यावर आकडा उमटतो, तो बेताचा निघतो, आणि घरात एकदम शांतता पसरते. अशा वेळी परदेशची वाट खरोखरच बंद होते काय, हा प्रश्न आम्ही आज विचारासाठी घेतला आहे.

प्रथम ही परीक्षा आहे तरी काय, ते पाहू. १९५३ साली अमेरिकेतील काही व्यवसाय-विद्यालये एकत्र आली आणि निरनिराळ्या महाविद्यालयांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजता यावे म्हणून त्यांनी एक सामाईक परीक्षा ठरविली. पुढच्याच वर्षी ती प्रथम घेण्यात आली. जीमॅट हे नाव तिला १९७६ साली मिळाले. सध्याची परीक्षा २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या नव्या स्वरूपाची आहे. तिचे तीन भाग : गणित, भाषा आणि माहितीचे आकलन. प्रत्येकाला ४५ मिनिटे, म्हणजे सारी कसोटी सव्वादोन तासांची. गुण २०५ पासून ८०५ पर्यंत दिले जातात. पूर्वीची मोजपट्टी २०० ते ८०० अशी होती, आणि दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी सारख्या नव्हेत. जुन्या परीक्षेतील ७०० ची बरोबरी आज सुमारे ६४५ करतात. तेव्हा आतेभावाला पाच-सहा वर्षांपूर्वी ७०० मिळाले आणि आपल्याला ६४५ च, म्हणून खिन्न होणाऱ्याने आधी हा हिशेब करून पाहावा. बेताचा वाटलेला आकडा पुष्कळदा बेताचा नसतोच.

पण समजा, तो खरोखरच बेताचा आहे. मग तो आकडा काय सांगतो? परीक्षेचा मूळ हेतू मर्यादित आहे. पहिल्या वर्षाचा अभ्यास, त्यातील हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थकारण, या विद्यार्थ्याला कितपत पेलेल, एवढ्याचाच अंदाज बांधण्यासाठी ती आहे. माणसे कशी सांभाळतो, शब्द पाळतो की नाही, नुकसान झाल्यावर उठून उभा राहतो की नाही, हे ती विचारत नाही. विद्यालये आपल्या वर्गाचे मध्यक गुण प्रसिद्ध करतात, ते वाचून मुले घाबरतात. वस्तुतः मध्यक म्हणजे ज्याच्या खाली अर्धा वर्ग असतो तो आकडा. ती खालची अर्धी मंडळीही प्रवेश मिळवूनच तेथे बसलेली असतात. मात्र ती केवळ नशिबाने बसलेली नसतात. आकड्याने जे सिद्ध केले नाही, ते त्यांनी दुसऱ्या कशाने तरी सिद्ध केलेले असते.

याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण व्यवसाय-विद्यालयाचे नाही, अर्थशास्त्राचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. ते गुण कोणत्या परिस्थितीत मिळविलेले होते, हे येथे सांगायला नकोच. वर्गात इतरांबरोबर बसण्याचाही ज्याला अधिकार नव्हता, त्या विद्यार्थ्याचे ते गुण होते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे त्याच विद्यापीठाची पीएच.डी. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. त्यांनी मिळविली. त्यांच्याशी कोणी आपली तुलना करावी, असे आम्ही सुचवीत नाही. आम्ही एवढेच दाखवितो की, २८२ हा आकडा खरा होता, आणि तरीही त्या आकड्यात तो विद्यार्थी मावत नव्हता.

आता व्यवहाराकडे वळू. गुण बेताचे असतील, तर पहिले काम ते कोणत्या भागात कमी पडले हे पाहण्याचे. गणितात कमी असतील, तर विद्यालयाची शंका अगदी रास्त आहे, आणि तिला उत्तर दिलेच पाहिजे. पदवीला गणित, संख्याशास्त्र किंवा हिशेबशास्त्र चांगल्या गुणांनी उत्तीर्ण केले असेल, तर ते ठळकपणे मांडावे. केले नसेल, तर एखाद्या विद्यापीठाचा दुरून शिकविला जाणारा अभ्यासक्रम पुरा करून त्याचे प्रमाणपत्र जोडावे. नोकरीत अंदाजपत्रक, किंमत ठरविणे, मालाचा साठा यांचे काम केले असेल, तर तो पुरावाच आहे. भाषेत कमी पडले असतील, तर निबंध आणि मुलाखत हीच उत्तराची जागा.

परीक्षा पुन्हा द्यावी काय? देता येते. दोन परीक्षांत १६ दिवसांचे अंतर लागते, बारा महिन्यांत पाच वेळा बसता येते, आणि गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात. कोणते गुण विद्यालयाला कळवावयाचे, हेही आता विद्यार्थ्याच्या हाती आहे. आमचे मत असे की, कमतरता कोठे आहे हे कळले असेल आणि ती भरून काढण्यास दोन-तीन महिने मोकळे असतील, तर दुसऱ्यांदा जरूर बसावे. पण काहीही न बदलता तिसऱ्या-चौथ्यांदा बसणे म्हणजे कोरड्या विहिरीत पुन्हा पुन्हा बादली सोडणे होय. बहुतेक विद्यालये जीआरई ही दुसरी परीक्षाही मान्य करतात. तिची मांडणी एखाद्याला अधिक मानवते.

याहून मोठे काम परीक्षेच्या बाहेरचे आहे. परदेशी विद्यालयाला भारतातून येणाऱ्या अर्जांची वाण नसते, आणि त्यांतील कितीतरी अर्ज एकाच साच्याचे असतात : तोच अभियंता, तीच संगणकाची नोकरी, तीच नेतृत्वाची भाषा. आमच्या मुलांना वाटते की, जळगाव-धुळ्याचे नाव घेतल्याने आपण लहान दिसू. खरे पाहता उलट आहे. केळी हे थांबून राहणारे फळ नव्हे. घड कापल्यापासून तो उत्तरेच्या बाजारात पोचेपर्यंत प्रत्येक तासाला किंमत असते. रावेर-यावलकडच्या ज्या मुलीने मजूर, गाडी आणि भाव या तिन्हींचा मेळ घालून घरचा माल वेळेवर रवाना केला आहे, तिला पुरवठ्याचे व्यवस्थापन पुस्तकातून सांगावे लागत नाही. जिनिंगमध्ये हंगामाच्या ऐन भरात रोख पैसा कसा अडकतो, हे पाहिलेल्याला खेळत्या भांडवलाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. आणि धुळ्याच्या पांझराकाठी शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत पाहा. बंधाऱ्याचे पाणी पाटाने आणावयाचे, जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एक पीक घ्यावयाचे, आणि पाटकऱ्याने ठरल्या नियमाने सर्वांना पाणी द्यावयाचे. सामाईक साधनसंपत्तीचा कारभार कसा चालतो, यावर जगातील विद्यालये विचार करतात. आमच्या शेतकऱ्यांनी तो करून दाखविला आहे.

मात्र केवळ वर्णन पुरत नाही. निबंधात तीन गोष्टी याव्यात : मी स्वतः काय केले, त्याने किती फरक पडला, आणि कोठे माझे ज्ञान अपुरे पडले म्हणून मला या शिक्षणाची गरज आहे. फरक आकड्यांत सांगावा आणि तो खरा असावा. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे हल्ली पुष्कळ आहेत. तो निबंध गुळगुळीत असतो, पण मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

शिफारसपत्राचेही तसेच. आमच्याकडे समजूत अशी की, पत्रावर आमदारांची किंवा कुलगुरूंची सही असली की काम झाले. तरुण आंबेडकरांना सयाजीरावांकडे नेणारे कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे कोणी सत्ताधीश नव्हते. ते शिक्षक आणि ग्रंथकार होते. त्यांनी त्या मुलाला वाचताना पाहिले होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले. ज्याने तुम्हांला काम करताना पाहिले आहे, त्याचेच पत्र घ्या. तो साधा कारखान्याचा व्यवस्थापक असला तरी चालेल.

शेवटी पैशाची गोष्ट, कारण येथे चूक झाली तर तिची किंमत घर मोजते. बेताचे गुण असलेल्याला कोणते ना कोणते विद्यालय प्रवेश देतेच. प्रश्न तो घेण्याजोगा आहे की नाही, हा आहे. ज्या दलालाला विद्यालयाकडून मोबदला मिळतो, त्याचा सल्ला निःपक्षपाती कसा असणार? विद्यालयाला ए.ए.सी.एस.बी., इक्विस किंवा अँबा यांपैकी कोणाची मान्यता आहे काय, आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना कोठे व किती पगारावर कामे मिळाली, हे स्वतः तपासावे. ही माहिती जेथे झाकलेली असेल, तेथे शेत गहाण टाकून मुलाला पाठवू नये. उलट, १८९२ साली सुरू झालेला जे. एन. टाटा निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अर्जही लवकर करावा. अनेक विद्यालयांची पहिली फेरी सप्टेंबरात आणि दुसरी जानेवारीत असते; त्यानंतर जागा आणि शिष्यवृत्त्या दोन्ही आटतात. गुण बेताचे असणाऱ्याने शेवटच्या फेरीवर विसंबणे बरे नव्हे.

तात्पर्य, बेताचे गुण म्हणजे नकार नव्हे. ती एक शंका आहे, आणि शंकेला पुराव्याने उत्तर देता येते. सर्वांनाच हवे ते विद्यालय मिळेल असे नाही. काहींना एक वर्ष थांबावे लागेल, काहींना दुसरे विद्यालय निवडावे लागेल, आणि काहींच्या बाबतीत येथेच राहून धंदा वाढविणे अधिक शहाणपणाचे ठरेल. पण तो निर्णय पडद्यावरच्या एका आकड्याने करू नये. तो मुलाने किंवा मुलीने आईवडिलांबरोबर बसून, कागदावर हिशेब मांडून करावा. गादीवर बसून हिशेब मांडण्याची विद्या तरी आमच्या खानदेशाला कोणी शिकवावी लागत नाही.